पगार महिन्याचा, खर्च वर्षाचा: यूएईत शिकवायला जाताय? या चुका टाळा

२०१६ च्या मार्चमध्ये शारजातल्या एका छोट्या फ्लॅटच्या ओट्यावर मी भाड्याचे चार चेक लिहिले. प्रत्येकी ७,००० दिरहम (तिथलं चलन). तारखा १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी. एजंट शेजारी उभा राहून बोटाने सहीची जागा दाखवत होता. पहिलं वर्ष शाळेने दिलेल्या खोलीत दुसऱ्या एका बाईंबरोबर काढलं होतं. आता नवरा आणि लेक येणार होते, त्या आनंदात होते मी. वर्षाचं भाडं २८,०००, म्हणजे महिन्याला जेमतेम अडीच हजार, जमेल की, एवढाच हिशोब डोक्यात. पगार होता ५,५००. चारांतला एकही चेक एका पगारात बसत नाही, ही गोष्ट मला ऑक्टोबरमध्ये कळली.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: महिन्याचं बजेट

आपल्याकडे भाडं, किराणा, हप्ते, सगळं महिन्याच्या चक्रात फिरतं. यूएईत पगार महिन्याला येतो, पण मोठे खर्च वर्षातून दोन-चार वेळा एकदम अंगावर येतात. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक, जुलैची विमानाची तिकिटं, घरच्यांचे व्हिसा, मुलांची पुस्तकं. दुबईत घर घेतलंत तर एजंटचं कमिशन, साधारण भाड्याच्या ५ टक्के, आणि फ्लॅटच्या वीज-पाण्याची २,००० दिरहम अनामत पहिल्याच आठवड्यात जाते. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क बारा भागांत वीजबिलातून कापलं जातं. एवढं बिल कशाचं, म्हणून नवे लोक हमखास गोंधळतात, ते हेच.

माझं काय झालं ते सांगते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना जुलै-ऑगस्ट सुट्टी. आमच्या शाळेने जूनअखेर दोन्ही महिन्यांचे पगार एकदम जमा केले, ११,०००. त्यातून जुलैचा चेक वटला. उरलेले चार हजार दोन महिन्यांचे होते, मी ते सुट्टीचे समजले. गावी गेलो तेव्हा आषाढ-श्रावण, लग्नकार्य काही नव्हतं. तरी जावेला साडी, भाच्याला सायकल, आईच्या गुडघ्याची औषधं, असं होत होत ऑगस्टअखेर परतलो तेव्हा हातात काही नव्हतं. सप्टेंबर क्रेडिट कार्डावर काढला. महिनाअखेर पगार आला, खात्यात ५,६०० झाले आणि १ ऑक्टोबरला सात हजारांचा चेक परत गेला.

दुपारी शाळेत फोन आला. संध्याकाळी बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार, जिन्यात वाट बघत थांबला होता. लेक माझा हात धरून होती. आमच्याच विज्ञानाच्या बाईंनी दीड हजार दिले आणि निभावलं. तो जिना मी विसरलेले नाही, म्हणून एवढं लांबवर लिहिते आहे.

त्या रात्री लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर वर्षाचे खर्च मांडले. भाडं २८,०००. नवरा आणि लेक यांची तिकिटं २,८०० (माझं शाळा द्यायची). व्हिसाचा खर्च दोन वर्षांनी येतो, त्याचा निम्मा भाग २,०००. पुस्तकं-गणवेश १,२००. बेरीज ३४,०००, भागिले बारा, म्हणजे महिन्याला २,८३३. माझा खरा पगार ५,५०० नव्हताच, २,६५० होता. त्याच महिन्यात दुसरं खातं उघडलं, त्याचं डेबिट कार्ड घरी कपाटात ठेवलं आणि पगार आला की त्याच दिवशी २,८५० तिकडे वळवायला लागले. हे आकडे माझ्या वेळचे. भाडी नंतर बरीच वाढली. तुमचे आकडे घाला, पण मांडणी हीच ठेवा. आणि घर ठरवताना मालकाला सहा किंवा बारा चेक चालतील का, हे आधी विचारा. भाडं थोडं जास्त पडलं तरी एकपगारी घराला ते परवडतं.

घरी पगाराचा आकडा सांगणं

तेव्हा दिरहम अठरा रुपयांच्या वर होता. ५,५०० गुणिले अठरा, लाखाच्या आसपास. फोनवर मी "लाखभर मिळतात" असं म्हणून गेले. सासरी त्यावर सांगलीतल्या फ्लॅटचं बुकिंग झालं, हप्ता २२,०००. म्हणजे बाराशे दिरहम. मग २,६५० मधले राहिले चौदाशे. त्यात तिघांचं खाणं, वीज, फोन, बस. घरच्यांची चूक नव्हती, त्यांना मी सांगितलेला आकडाच तो होता.

घरी पगार सांगू नका, महिन्याला किती पाठवू शकते ते सांगा. वाईट दिसेल, पण एकदाच. आणि तिथे खरेदी करताना उलटा गुणाकारही करू नका. भाजीपोळीचा डबा रुपयांत महाग वाटतो म्हणून ब्रेड-अंड्यावर दिवस काढणारी, दिवसाला सहा-सात तास उभं राहून शिकवणारी मुलगी मी पाहिली आहे. तिची बचत डॉक्टरकडे गेली.

दर वाढेल म्हणून पैसे थांबवून ठेवणं हाही याचाच एक प्रकार. १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम असं बांधलेलं आहे. त्यामुळे स्टाफरूममध्ये रोज बघतात तो दर मुळात रुपया आणि डॉलरचा. बाराशे दिरहमवर दहा पैशांचा फरक म्हणजे १२० रुपये. त्यासाठी तीन आठवडे थांबलेले पैसे खात्यात पडून राहत नाहीत, खर्च होतात. मात्र पैसे पाठवायच्या दुकानात, म्हणजे एक्स्चेंजमध्ये, नुसतं "फी किती" विचारू नका. "हातात किती रुपये पडतील" असं विचारा, कारण कमी फी लावून दरात काढून घेतलेलं असू शकतं.

जुन्याच खात्यात पैसे टाकत राहणं

ही चूक बहुतेक सगळे करतात, कारण ती लगेच दुखत नाही. नोकरीसाठी परदेशी गेलात की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे गावाकडचं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं साधं खातं) करून घ्यावं लागतं. परदेशातली कमाई एनआरई (अनिवासींचं परदेशी कमाईसाठीचं) खात्यात जायला हवी. तिथलं व्याज भारतात करमुक्त असतं आणि रक्कम हवी तेव्हा परत बाहेर नेता येते. एनआरओ हे घरभाडं, जुन्या ठेवी अशा भारतातल्या उत्पन्नासाठी, आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस (बँक आधीच कापते तो कर), वर सेस (उपकर). पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं) आधीचं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पण एनआरआय झाल्यावर नवं उघडता येत नाही.

वडिलांच्या खात्यात पाठवलेल्या पैशांवर वडिलांना कर लागत नाही. पण त्यांनी त्याची ठेव केली की व्याज त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं, आणि ती ठेव त्यांची असते, तुमची नाही. भावंडांत पुढे यावरून बोलणी बंद झालेली घरं मला ठाऊक आहेत. पाठवायचे ते मदत म्हणून मनापासून पाठवा. साठवायचे ते स्वतःच्या नावावर साठवा.

एप्रिलमध्ये रुजू होणाऱ्याला कराचं कोडं पडत नाही, जवळजवळ पूर्ण आर्थिक वर्ष बाहेरच जातं. डिसेंबर-जानेवारीत मध्येच गेलात तर त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांहून जास्त भरतात, तुम्ही करासाठी भारताचे निवासी ठरता आणि तिकडचा पगारही विवरणपत्रात दाखवावा लागतो.

ग्रॅच्युइटी पूर्ण पगारावर धरणं

तिथे पीएफ नाही, नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांवर ठरणारी एकरकमी रक्कम, मिळते. पहिली पाच वर्षं, दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यानंतर ३० दिवसांचा. शब्द नीट वाचा: मूळ पगार. माझ्या ५,५०० मध्ये मूळ २,७५०, बाकी घरभाडं आणि प्रवासभत्ता. म्हणजे वर्षाला १,९२५, पाच वर्षांचे ९,६२५. आमच्या एका सरांनी पूर्ण पगार धरून याच्या दुप्पट रकमेवर मुलीच्या इंजिनीअरिंगची पहिली फी ठरवली होती. करारावर सही करण्याआधी मूळ पगाराची ओळ शोधा आणि वाढवून मागायचं असेल तर तीच मागा. वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलंत तर काहीच मिळत नाही. बँकेचं कर्ज बाकी असेल तर शेवटची रक्कम खात्यात आल्यावर बँक ती रोखून धरू शकते, म्हणून राजीनाम्याआधी कार्ड फेडून बंद करा.

बेकारी विमाही विसरू नका. २०२३ पासून तो सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० पर्यंत असेल तर महिन्याला फक्त ५ दिरहम, पण घेतला नाही तर ४०० दंड.

ट्यूशनचे पैसे धरून हप्ते घेणं

परवान्याशिवाय ट्यूशन घेऊ नका. डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीसाठी अधिकृत परवाना मिळतो, तो काढा. आणि परवाना असला तरी हे उत्पन्न परीक्षांबरोबर येतं-जातं. उन्हाळ्यात मुलं गावी गेली की शून्य. त्यावर हप्ता बांधू नका. स्टाफरूममधली भिशी मात्र मी वाईट म्हणणार नाही, मला तिने शिस्त लावली. पण कागदावर काही नसतं आणि एखादी बाई अचानक नोकरी सोडून गेली तर दाद मागता येत नाही, म्हणून एका महिन्याच्या बचतीपेक्षा मोठी भिशी नको.

अडकलाच असाल तर

कार्डाचं देणं आधी संपवा. माझ्या कार्डाला महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, एवढं व्याज देणारी ठेव कुठेच नाही. किमान रक्कम भरून समाधान मानू नका. गावाकडे दोन महिने कमी पाठवेन असं स्पष्ट सांगा, कारणासकट.

आणि चेक वटणार नाही असं दिसत असेल तर तारखेची वाट बघू नका. २०२२ पासून खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणं हा सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण मालक उरलेल्या रकमेसाठी थेट अंमलबजावणी न्यायालयात, म्हणजे वसुली करून देणाऱ्या न्यायालयात, जाऊ शकतो. आठ-दहा दिवस आधी स्वतः त्यांच्या ऑफिसात जा, जमेल तेवढी रक्कम रोख भरून पावती घ्या, बाकीचा पगारानंतरच्या तारखेचा नवा चेक लिहून द्या, आणि जुना चेक हातात परत घेतल्याशिवाय तिथून निघू नका.