सहकाऱ्याच्या दिसण्यावर बोलणे कसे टाळावे

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात सोमवारी सकाळी हजेरी लावताना 'काय, तब्येत सुधारली बरं का!' हे वाक्य कोणाच्या तरी वाट्याला येतेच. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाकडे काही नसते. विचारपूस करायची म्हणजे समोरच्याच्या अंगाकडे पाहून काहीतरी म्हणायचे, अशी आपल्याला लागलेली ही खोड आहे. त्यामुळे ती सोडायची तर नुसते गप्प राहून भागत नाही, त्या जागी दुसरे वाक्य तयार ठेवावे लागते. 'द्वारका चौकातल्या गर्दीत किती वेळ अडकलात?' हे नाशिकमध्ये कोणालाही विचारता येते आणि उत्तरही भरभरून मिळते.

वजन, रंग, केस, उंची, चेहऱ्यावरचे फोड आणि 'काही गोड बातमी आहे का?' हे विषय पूर्णपणे वगळावेत. 'बारीक झालात' हे कौतुकच आहे, अशी आपली समजूत असते. मीही एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना जेवणाच्या सुट्टीत 'वजन छान उतरवलंत' असे म्हटले होते. 'शुगर निघाली आहे,' एवढेच सांगून त्यांनी उघडलेल्या डब्याचे झाकण पुन्हा लावले, आणि पुढची दहा मिनिटे त्या टेबलावर कोणी बोलले नाही.

कपड्यांच्या बाबतीत मात्र थोडे तारतम्य लागते. 'साडीचा काठ सुंदर आहे, येवल्याची का?' हा प्रश्न साडीविषयी आहे. 'या साडीत तुम्ही काय दिसता!' हे वाक्य ती नेसणाऱ्या बाईविषयी आहे. पहिले वाक्यही एखाद्या वेळी ठीक, रोज म्हटले तर समोरच्या व्यक्तीला आपल्यावर कोणाची तरी नजर आहे असे वाटू लागते. बोलणारा वरिष्ठ असेल तर हाताखालच्या व्यक्तीला नापसंती दाखवताही येत नाही, आणि तिचे ते कसनुसे हसू आपण होकार म्हणून धरतो. नवरात्रात रंगांप्रमाणे साड्या नेसून काढलेला फोटो ऑफिसच्या ग्रुपवर आला की 'आज कोण भारी दिसतंय' ही चढाओढ सुरू होते. तिथे 'फोटो छान आलाय' एवढे लिहून थांबावे.

'मी तर गमतीने म्हणालो' हा बचाव कायद्यापुढे पुरत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार नकोशी वाटणारी लैंगिक सूचक शेरेबाजीही छळात मोडते. 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनेतील महिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत करायची असते, आणि सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी 3 महिन्यांपर्यंत वाढवू शकते. हा कायदा महिलांच्या तक्रारींपुरता आहे. म्हणून पुरुष सहकाऱ्याच्या टकलावर विनोद करण्याची मुभा मिळते, असे कृपया समजू नये.

तरीही तोंडून निघून गेलेच तर 'चुकीचं बोललो, माफ करा' इतके पुरे. लांबलचक खुलासा केला की समोरच्यालाच आपली समजूत घालत बसावे लागते. दुसऱ्या कोणी असा शेरा मारला आणि ऐकणारी व्यक्ती अवघडली, तर हसण्यात सामील न होता 'ते राहू द्या, कालचा माल गेला का?' असे मध्येच विचारावे.