घरचं काम रेझ्युमेत लिहा

रत्नागिरी, देवगड, मालवणकडची पदवीधर मुलं रेझ्युमेत 'अनुभव: नाही' असं लिहून मोकळी होतात, तेव्हा फार वाईट वाटतं. एप्रिल-मे बागेत राबलेलं, काकांच्या होमस्टेवर पाहुणे सांभाळलेले, हे सगळं कुठे गेलं? घरचं काम म्हणून पगार मिळाला नसेल, पण काम तर झालंय!

फक्त ते नीट मांडा. 'आंबा व्यवसायात मदत' यातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा लिहा: 'घरची हापूस बाग, एप्रिल-मे 2024: फळांची प्रतवारी, पेट्या भरणे, मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेणे, यूपीआयने आलेल्या पैशांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणे.' हॉटेल असो की कुरिअर कंपनी, वाचणारा इथे थांबतोच. आकडे आठवत असतील तर जरूर घाला, पण खरेच. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

बाकी एक पान पुरे. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय नको. पीडीएफला स्वतःचं नाव द्या. आणि गावात रेंज जात असेल, तर घरातला दुसरा नंबरही खाली लिहा.