लाकडी स्टॉकमध्ये रायफलची ॲक्शन नीट कशी बसवावी

एप्रिलमध्ये गोळ्या जवळजवळ एकाच छिद्रातून नेणारी रायफल जुलैत त्या विखरू लागली, तर नेमबाजाने आपल्या श्वासाला दोष देण्याआधी गोळी भरणारी व झाडणारी यंत्रणा (ॲक्शन) रायफलच्या दांड्याला (स्टॉक) जोडणारे दोन स्क्रू तपासावेत. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत अक्रोडाचा स्टॉक ओलावा धरून फुगतो, आणि त्यात घट्ट आवळलेली ॲक्शन किंचित पिळवटते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटरच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. तिथे एवढा पीळही महागात पडतो. (अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला हा त्रास सहसा नसतो.)

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून बेडिंग, म्हणजे इपॉक्सी या कडक होणाऱ्या चिकट रसाने ॲक्शनसाठी स्टॉकमध्ये अचूक बैठक घडवणे, परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. पुढील क्रम ठाऊक असला की शेजारी उभे राहून नेमके काय पाहायचे ते कळते.

प्रथम रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी. मग डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) स्टॉकच्या पुढच्या टोकाशी बसवून त्याची सुई बॅरलला टेकवावी आणि ॲक्शनचा एकच स्क्रू हळूहळू सैल करावा. सुई ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली, तर ॲक्शन दबावाखाली आहे असे समजावे. ती जवळजवळ स्थिर राहिली, तर दोष गोळ्यांच्या लॉटमध्ये (एकाच खेपेत बनलेल्या गोळ्यांत) किंवा दुर्बिणीच्या पकडीत शोधावा. घडी घातलेला कागद बॅरल आणि लाकूड यांच्यामधून ॲक्शनपर्यंत न अडकता सरकतो का, हेही पाहावे.

बेडिंगसाठी मार्च-एप्रिल उत्तम, कारण लाकूड तेव्हा कोरडे असते. ॲक्शन टेकते तेथील साधारण २ मिलिमीटर लाकूड काढून स्क्रूच्या भोकांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवतात. स्क्रू या नळ्यांना आतून घासता कामा नये. त्यानंतरच्या टप्प्यात घाई केली, तर रायफल स्टॉकमध्ये कायमची अडकते. ॲक्शनवर मेणाचे दोन पातळ हात देऊन प्रत्येक हात पुसून चमकवावा, आणि ट्रिगर व मॅगझिनच्या पोकळ्या मॉडेलिंगच्या मातीने सपाट बुजवाव्यात, कारण रस खाचेत शिरून कडक झाला की मेणाचाही उपयोग होत नाही. लगच्या, म्हणजे गोळी सुटतानाचा धक्का झेलणाऱ्या ॲक्शनखालच्या उंचवट्याच्या, पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या पृष्ठांवर चिकटपट्टीचा एक थर द्यावा, मात्र मागचे पृष्ठ उघडे ठेवावे. तेच स्टॉकला टेकायला हवे.

पोलादाची भुकटी असलेला इपॉक्सी काकवीपेक्षा दाट हवा, नाहीतर तो ओघळतो. तो पसरून ॲक्शन ठेवली की स्क्रू आवळण्याचा मोह होतो आणि तिथेच सगळे बिघडते, कारण आवळलेल्या अवस्थेतला पीळ इपॉक्सीत कायमचा गोठतो. स्क्रू केवळ जागा दाखवण्यापुरते लावावेत आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ॲक्शन हलकेच धरून ठेवावी. बाहेर आलेला रस गोळीबंद पाकासारखा झाला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा.

किमान २४ तासांनी ॲक्शन काढून उघडे राहिलेले लाकूड वार्निशने बंद करावे. पावसाळ्याचा खरा बंदोबस्त हाच आहे. पुन्हा जोडताना रायफलच्या पुस्तिकेत सांगितलेला टॉर्क (स्क्रू आवळण्याचा जोर) तो मोजणारा पाना लावूनच द्यावा, गेजची चाचणी परत घ्यावी आणि जुन्याच लॉटच्या गोळ्यांनी दहा-दहाचे पाच गट झाडावेत. प्रत्येक स्क्रूचा टॉर्क तारखेसह वहीत नोंदवावा आणि पहिल्या जोरदार पावसानंतर तो पुन्हा पडताळून पाहावा.