अख्खं चरित्र नको, १४ दिवस घ्या
‘इंदिरा गांधी : हुकूमशहा की रणरागिणी?’ असा विषय इतिहासाच्या प्रकल्पाला घेऊ नका. निकाल आधीच ठरतो, मग पुरावे नुसते चिकटवले जातात. त्याऐवजी १२ ते २५ जून १९७५ एवढंच धरा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली, २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली, दुसऱ्याच रात्री आणीबाणी. प्रश्न असा ठेवा : स्थगितीने त्यांना नेमकं काय मिळालं? (लोकसभेत मतदान नाही, पंतप्रधानपद मात्र शाबूत.) तेव्हाची वर्तमानपत्रं आणि आणीबाणीतल्या गैरप्रकारांची नंतर चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. बांगलादेश युद्ध, बँकांचं राष्ट्रीयीकरण सरळ सोडा, कितीही मोह झाला तरी. आजोबांच्या आठवणी घेतल्यात तर त्या वेगळ्या शाईत लिहा.