टोनर विकत घेण्याआधी फूटपट्टी घ्या

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि घरीच बालवाडी ते चौथीच्या मुलांचे वर्ग घेते. मुलांना रंगीत कार्यपत्रिका लागतात, म्हणून कलर लेझर प्रिंटर घेतला. पहिल्याच जुलैत पोपटाची चित्रं बिघडली. अक्षरं ठीक उमटत होती, पण पोपटाच्या हिरव्या अंगावर पांढुरके चट्टे, आणि पान बाहेर येताना पापडासारखं वळलेलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने दहा मिनिटांत सांगितलं, चारही टोनर बदला. खर्च ऐकून मी म्हटलं, एक दिवस थांबते.

त्या रात्री कागदाचा नवीन रिम फोडला आणि तेच चित्र काढलं. पोपट स्वच्छ हिरवा! टोनरला काहीच झालं नव्हतं. जुना रिम खिडकीच्या ग्रिलपाशी उघडा पडला होता आणि आमच्याकडे उपवन-येऊरच्या बाजूने पावसाळाभर ओली हवा येते.

हे असं का होतं, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. टोनर म्हणजे ओली शाई नव्हे, ती प्लॅस्टिकची रंगीत बारीक भुकटी. विजेच्या भारामुळे ती कागदाकडे ओढली जाते आणि मग फ्यूजरच्या, म्हणजे प्रिंटरमधल्या तापलेल्या रोलरच्या, उष्णतेने वितळून चिकटते. कागद दमट असेल तर त्यावर भार नीट टिकत नाही, भुकटी कुठे बसते कुठे नाही. शिवाय कागदातलं पाणी फ्यूजरमध्ये तापून वाफ होतं, म्हणून पान वळतं. म्हणून जून ते सप्टेंबर पहिला संशय कागदावर घ्या. ट्रेमध्ये त्या दिवसापुरतेच कागद ठेवा, उरलेला रिम घट्ट झाकणाच्या डब्यात. मी तांदळाचा जुना मोठा डबा त्यासाठीच राखून ठेवलाय.

नवीन कागदावरही दोष राहिला, तर बिघडलेला रंग शोधायचा. बहुतेक प्रिंटरच्या मेनूमध्ये छपाईचा दर्जा तपासायचं पान असतं, त्यात चारही रंगांचे पट्टे वेगवेगळे येतात: सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा. संगणकावर स्वतः चौकोन काढून छापू नका, कारण पडद्यावरचा आकाशी छापताना दोन-तीन टोनर मिसळून तयार होऊ शकतो आणि मग दोषी कोण ते कळत नाही. हिरवा बिघडला तर सायन आणि पिवळा हे दोन संशयित, केशरी बिघडला तर मॅजेंटा आणि पिवळा. पिवळ्यातला दोष ट्यूबलाइटखाली चटकन दिसत नाही, पान दिवसा खिडकीत धरून पाहा.

आता फूटपट्टी. माझा भाचा सुट्टीत आला होता. मी मॅजेंटाचं कार्ट्रिज, म्हणजे टोनरची डबी, बाहेर काढून ठेवलं असताना त्याने कार्ट्रिजच्या चकचकीत नळीवर बोट टेकवलं. ती नळी म्हणजे ड्रम, त्याच्यावर टोनरचं चित्र तयार होतं आणि तिथून ते कागदाकडे जातं. त्यानंतर प्रत्येक पानावर एकाच उभ्या रेषेत गुलाबी ठिपके येऊ लागले. मोजलं तर दोन ठिपक्यांत बरोबर ७५ मिलिमीटर अंतर. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत तो साधारण ७५ मिलिमीटर कागद ओलांडतो. ड्रमवर एका जागी डाग असेल तर तो प्रत्येक फेरीला छापला जाणार. व्यास ३० असेल तर अंतर ९४च्या आसपास येतं. इतर रोलरांची मापं प्रिंटरनुसार बदलतात, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्यांचा तक्ता असतो. ठिपके एकाच रंगात असतील तर त्या रंगाचा ड्रम किंवा त्याच्या शेजारचा रोलर. रंग कुठलाही असो, डाग तेच असतील तर फ्यूजर किंवा ट्रान्सफर बेल्ट (ड्रमवरचे रंग कागदापर्यंत नेणारा पट्टा), तिथे नवीन टोनर घालून काहीच फरक पडणार नाही. माझ्या प्रिंटरमध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, म्हणून फक्त मॅजेंटाचं कार्ट्रिज बदललं आणि काम झालं. काही प्रिंटरमध्ये ड्रम वेगळा मिळतो, तेव्हा खरेदीआधी आपला प्रकार कुठला ते बघून घ्या. आणि ड्रम उजेडातही ठेवू नका. बदलताना झटपट बदला, नाहीतर वर कापड टाका.

पानभर वरपासून खालपर्यंत एक फिकट पट्टा येत असेल तर वेगळं कारण. टोनर संपत आलाय किंवा एका बाजूला साचलाय. कार्ट्रिज आडवं धरून हळूच डावीउजवीकडे पाच-सहा वेळा हलवा. तरीही पट्टा तसाच राहिला तर लेझरच्या काचेवर धूळ असू शकते. ती काच कुठे आहे ते पुस्तिकेत दाखवलं असेल तरच प्रिंटर बंद करून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. बारीक, गडद रेघ मात्र बहुतेकदा ओरखडलेल्या ड्रमची असते.

रंग बोटाने पुसला जात असेल तर आधी कागदाचा प्रकार तपासा. १२० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जाड कागद घालून सेटिंग साधंच ठेवलं तर उष्णता कमी पडते. जाड कागद निवडलात की प्रिंटर हळू चालतो आणि टोनर घट्ट बसतो. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर यात कधीही घालू नका, त्याचा थर फ्यूजरला चिकटून कायमचं नुकसान करू शकतो.

अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसली तर मेनूमधून कॅलिब्रेशन, म्हणजे रंगांची आपोआप जुळणी, चालवा, बहुतेकदा एवढंच पुरतं.

साफसफाई करताना टोनर सांडला तर कोरड्या कापडाने टिपा, हाताला लागला तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो चिकटतो. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, ही भुकटी त्याच्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर उडते, आणि माझ्या खोलीत तर संध्याकाळी पाच वाजता मुलं जमिनीवर बसलेली असतात.