अल्ट्रालाइट रीलवर लाईन भरताय? या चुका टाळा

उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या बाजूला, सकाळी साडेसहाला मासे धरायला मी अडीच ग्रॅमची जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) फेकली आणि ती माझ्यापासून जेमतेम सात-आठ पावलांवर पडली. परत फेकली, परत तेच. हात चुकतोय असं वाटून तिसऱ्यांदा जोर लावला, तर स्पूलवरून (रीलवरच्या लाईनच्या फिरकीवरून) लाईनची वेटोळी एकदम उसळली आणि रॉडच्या पहिल्या गाईडपाशी, म्हणजे लाईन ओवायच्या कडीपाशी, त्यांचा झुपका झाला. शेजारी जाळं झाडत बसलेले एक भोईकाका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, काठी एवढी काडीवानी, आन् तिला म्हशीचं दावं कशापायी बांधलंय?"

काकांचं बरोबर होतं. हजार नंबरच्या रीलवर दुकानात १० पौंडांची, ०.३० मिलिमीटर जाडीची लाईन भरून दिली होती आणि मी "मजबूत आहे ना? मग भरा" म्हणून मान डोलावली होती. पाकिटावर 'एलबी'चा, म्हणजे पौंडांचा, आकडा ठळक असतो आणि मिलिमीटरचा बारीक, कोपऱ्यात. अल्ट्रालाइटला नेमका तो कोपऱ्यातला आकडा आधी वाचायचा असतो.

ताकद बघितली, जाडी बघितली नाही

अल्ट्रालाइट म्हणजे साधारण ५०० ते १००० नंबरचं रील, एक ते पाच-सहा ग्रॅमची आमिषं आणि २ ते ६ पौंडांची लाईन. जिग हलकी असते, त्यामुळे लाईन स्पूलवरून ओढून काढायला तिच्याकडे ताकद फारच थोडी. लाईन जितकी ताठ, तितकी ती जिग अडवून धरते. आणि हा ताठपणा जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.२० ऐवजी ०.३० घेतली की जाडी दीडपट होते, पण त्याच जातीच्या नायलॉनचा ताठपणा पाचपट होतो. शिवाय लहान स्पूलवर लाईन घट्ट वळणात बसते, तीच वळणं ती धरून ठेवते आणि सुटताना स्प्रिंगसारखी उडते. मोठ्या ३०००-४००० च्या रीलवर जी लाईन शहाण्यासारखी वागते, तीच इथे अंगात आल्यासारखी करते.

माझं मत सरळ आहे. पहिलंच रील असेल तर ४ पौंडांची, ०.१८ ते ०.२० मिमीची मऊ नायलॉन मोनो (एकेरी धाग्याची लाईन) घ्या, शंभर मीटर, आणि निदान एक मोसम दुसऱ्या कशाकडे बघू नका. चिलापी, छोटे रोहू, ओढ्यातली कोळशी यांना ती भरपूर होते. चार पौंड म्हणजे १.८ किलो. मासा पाण्यात असताना आपण त्याचं वजन उचलत नसतो, हे नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. दोन किलोचा मासा ४ पौंडांवर निघतो, घाई केली नाही तर.

पाकिटावरच्या मिमीवर तरी किती भरवसा ठेवायचा? स्वस्त लाईन बऱ्याचदा लिहिल्यापेक्षा जाड निघते. जाड असली की ती 'मजबूत' ठरतेच. तपासायला मायक्रोमीटर लागत नाही. पेन्सिलीवर लाईनचे पन्नास वेढे एकाला एक चिकटून घाला आणि शाळेतल्या पट्टीने त्या पट्ट्याची रुंदी मोजा. १० मिमी भरली तर लाईन ०.२० ची. साडेबारा भरली तर ती ०.२५ ची आहे, लेबल काहीही म्हणो. मी एकदा '०.१८' लिहिलेली लाईन मोजली तर पट्टा साडेअकराच्या पुढे गेला. पैसे गेले, पण त्या दिवशीपासून दुकानात खिशात पेन्सिल असते.

स्पूल काठोकाठ भरलं, किंवा अर्धंच भरलं

लाईन स्पूलच्या काठाच्या दीड ते दोन मिलिमीटर खाली थांबली पाहिजे. काठापर्यंत भरली की वेटोळी आपोआप घसरतात. अर्धवट भरली की प्रत्येक वेढा काठावर घासून बाहेर पडतो आणि फेक निम्मी होते. पहिली चूक लगेच दिसते. दुसरी महिनोन् महिने दिसत नाही, माणूस रॉडलाच दोष देत राहतो.

रीलवर '०.२०-१००' असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ०.२० मिमीची लाईन शंभर मीटर मावते. वेगळ्या जाडीची किती मावेल हे जाडीच्या वर्गावर ठरतं: ०.२५ ची ६४ मीटर, ०.१६ ची दीडशेच्या वर. हा हिशोब ब्रेड लाईन घेताना फार कामाला येतो. (ब्रेड म्हणजे विणलेली लाईन. "येताना ब्रेड आणतो" असं मी फोनवर सांगितलं आणि घरी लाईनचं पुडकं घेऊन गेलो, तेव्हा सकाळच्या नाश्त्याचं काय झालं ते विचारू नका.)

ब्रेड लाईन थेट स्पूलला बांधली

ब्रेड पॉलिएथिलीनच्या धाग्यांची असते. अतिशय बारीक, जवळजवळ न ताणणारी आणि गुळगुळीत. जपानी पाकिटांवर तिची जाडी 'पीई' आकड्यात असते: पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, पीई ०.६ म्हणजे ०.१२८. अल्ट्रालाइटला पीई ०.४ ते ०.८ पुरे. १५-२० पौंडांची ब्रेड 'बारीकच तर आहे' म्हणून भरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की गळ दगडात अडकला आणि आपण रॉडनेच ओढत बसलो तर आधी तुटेल ती लाईन नसेल, रॉडचं टोक असेल.

तर गुळगुळीतपणाची गंमत अशी. मासा लागतो, ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) घट्ट असतो, हँडल फिरतंय, तरी लाईन सुटतच जाते. रील बिघडलं म्हणून लोक ते दुरुस्तीला नेतात. बिघडलेलं काही नसतं. ब्रेडचा अख्खा गठ्ठाच स्पूलभोवती गरगर फिरत असतो. ओळखायचं असं: ड्रॅग पूर्ण आवळा, स्पूल हाताने धरा आणि लाईन ओढून बघा; तरीही ती सुटत आली तर गठ्ठा घसरतोय.

उपाय म्हणजे खाली नायलॉनचा थर. '०.२०-१००' च्या स्पूलवर पीई ०.६ ची १५० मीटर भरली तर स्पूल साधारण साठ टक्केच भरतं. उरलेल्या जागेत आधी ०.२० ची नायलॉन ३५-४० मीटर गुंडाळायची, तिला ब्रेड जोडायची आणि मग वर भरायची. दोन्ही कामं एकदम होतात: घसरत नाही, आणि काठापर्यंतचा हिशोबही जुळतो. उथळ स्पूलचं रील असेल तर एवढा खटाटोप नको, दोन-चार वेढे नायलॉनचे पुरतात.

गुंता झाला की वाऱ्याला शिव्या

ज्याला सगळे 'विंड नॉट' म्हणतात, त्यात वाऱ्याचा वाटा थोडाच असतो. फेक पाण्यात पडली की लाईन ढिली असते, आपण तशीच हँडल फिरवायला लागतो, ती ढिली वळणं स्पूलवर बसतात, आणि पुढच्या फेकीला खालचं एक वेटोळं वरच्याला घेऊन उठतं. जिग जितकी हलकी, तितकी लाईन ढिली; म्हणून हे दुखणं अल्ट्रालाइटचं जास्त. फेक संपताना बोटाने लाईनला हलकं अडवा, बेल (लाईन स्पूलवर गुंडाळणारी तारेची कमान) हाताने पाडा, हँडल फिरवून नको. रॉड जरा उचलून लाईन ताठ करा आणि मगच गुंडाळा. एवढ्यानं माझे नव्वद टक्के गुंते गेले.

उरलेले गुंते पिळाचे. लाईनला पीळ तीन वाटांनी बसतो. एक, दुकानात भरताना. पुडक्यावरून लाईन ज्या दिशेने सुटते ती दिशा आणि बेल फिरण्याची दिशा जुळली नाही तर प्रत्येक वेढ्याला पीळ चढतो. वीसेक वेढे भरून झाल्यावर लाईन जरा ढिली सोडून बघायची. ती स्वतःभोवती गुंडाळायला लागली तर पुडकं उलटं करून पुढे भरायचं. दोन, स्पिनर, म्हणजे पातं फिरणारी आमिषं. त्यांच्या पुढे हातभर अंतरावर बारीक स्विव्हल (फिरती कडी) लावा, बस.

तिसरी वाट जरा लाजेची आहे, कारण ती आपल्या उत्साहातून येते. मासा ड्रॅग ओढत चाललाय आणि आपण हँडल फिरवतोच आहोत. ५:१ च्या रीलवर हँडलच्या एका फेरीला बेल पाच वेळा फिरते. लाईन आत येत नसेल तर ते पाचही पीळ लाईनमध्ये जातात. वीस फेऱ्या मारल्या की शंभर. मासा सुटतो तो सुटतो, वर लाईन खराब. ड्रॅग ओरडत असेल तर हात थांबवा, मासा थांबला की रॉड वर, मग रॉड खाली आणताना गुंडाळा.

पीळ बसलेलीच असेल तर लाईन टाकून देऊ नका. आमिष, स्विव्हल सगळं काढा, वाहत्या पाण्यात नुसती लाईन पन्नास मीटर सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि दोन बोटांत हलकी धरून परत भरा. नदी नसेल तर मोकळं मैदान चालतं. माझ्या सोसायटीतल्या लोकांना सवय झाली आहे.

फ्लुरोकार्बन पूर्ण स्पूलभर

'माशाला दिसत नाही' या तीन शब्दांवर फ्लुरो, म्हणजे फ्लुरोकार्बनची लाईन, विकली जाते. त्यात तथ्य आहे: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोचा १.४२, नायलॉनचा दीडच्या पुढे. म्हणजे फ्लुरो पाण्यात मिसळते जास्त, अदृश्य होत नाही. दिवाळीनंतरच्या मुळशीच्या निवळ पाण्यात फरक पडतो, उजनीच्या गढूळ हिरव्या पाण्यात चिलापीला काही पडलेलं नसतं. आणि फ्लुरो नायलॉनपेक्षा ताठ. लहान स्पूलवर भरली की पुन्हा तेच म्हशीचं दावं. तिची जागा पुढच्या मीटरभर लीडरमध्ये, म्हणजे मुख्य लाईन आणि गळ यांच्यामधल्या तुकड्यात. पाणी शोषत नाही, दगडावर घासली तरी तग धरते, ते काम तिला द्यावं.

लीडरचा कंजूषपणा मला एकदा नडला आहे. सिंधुदुर्गातल्या एका खाडीत, कांदळाच्या मुळांशी, तीन ग्रॅमच्या जिगला तांब लागली. पुढे लीडर नव्हता, ब्रेडच थेट बांधलेली. तांबेने मुळांकडे एक धाव घेतली, लाईन कालवांवरून गेली आणि हातात काहीच राहिलं नाही. दोन सेकंदही नसतील. टोक बघितलं तर कात्रीने कापल्यासारखं. आता खाडीत मुख्य लाईन बारीकच ठेवतो, पण लीडर ०.२८-०.३० चा, दीड मीटर. जाड लाईन चालते ती इथे. ती स्पूलवर बसत नाही, त्यामुळे फेक फारशी मरत नाही.

गाठ आणि ड्रॅग, थोडक्यात

लाईन गाठीपाशी तुटली की दोष लाईनला देऊ नका. नायलॉन आणि फ्लुरोची गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते. तुटलेलं टोक कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं असेल तर गाठ सुटली आहे; साफ असेल तर घासून कापली गेली आहे. ब्रेडला लीडर जोडायला काठावर उभ्या उभ्या डबल युनी गाठ बरी: ब्रेडकडून आठ वेढे, लीडरकडून चार-पाच. एफजी गाठ बारीक आणि उत्तम, पण वारा सुटलेला आणि डासांनी पाय खाल्लेले असताना मला ती आजवर एकदाही धड जमलेली नाही.

ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव हिश्शावर. ४ पौंडांना साडेचारशे ग्रॅम. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो लाईनला अडकवून रॉड वाकवून ओढा. बहुतेकांचा ड्रॅग दीड किलोच्या आसपास निघतो आणि "मासा तोडून गेला" या कथेचा उलगडा तिथेच होतो.

नायलॉन उन्हाने मरते. गाडीच्या डॅशबोर्डवर महिनाभर राहिलेलं रील नव्या लाईनसह गेलं समजा. मी लाईन भरल्याची तारीख स्पूलच्या आत मार्करने लिहितो आणि वर्षाने बदलतो. पुढचे दोन-तीन मीटर तर मासेमारीच्या प्रत्येक खेपेनंतर कापतो. कापलेले तुकडे खिशात. भिगवणच्या काठावर बगळ्याच्या पायात अडकलेली लाईन मी सोडवलेली आहे, एकट्याने होत नाही ते काम.

आणि ती ०.३० ची, दावं म्हणून हिणवलेली? ती काढून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात बाल्कनीच्या ग्रिलला उभी-आडवी बांधली. कारल्याचा वेल तिच्यावरून वरच्या मजल्यापर्यंत गेला, एकदाही तुटली नाही.