एम. बी. मागा, आणि टेप बरोबर न्या

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला गवंडी. निम्मं आयुष्य गोव्यात लोकांचे बंगले बांधण्यात गेलं. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून गावीच असतो. दीड वर्षापूर्वी आमच्या बाजारात बायकांच्या संघांना काजू, पापड, लोणची विकायला शेड झाली. पैसा एका विकास संस्थेचा. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. उद्घाटनाला भाषणं चालली होती तेव्हा माझी नजर फरशीच्या कडेवर गेली. कड पातळ दिसत होती.

पैसे खाल्ले असं कट्ट्यावर बसून कुणीही म्हणतं. किती आणि कुठं, हे सांगायचं तर एक वही बघावी लागते. मेजरमेंट बुक, ऑफिसात नुसतं एम. बी. म्हणतात. इंजिनिअर जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहितो आणि त्या आकड्यांवर ठेकेदाराचं बिल निघतं. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जात तीनच गोष्टी मागा: एम. बी., वर्क ऑर्डर आणि शेवटचं बिल. एस्टिमेटवर विसंबू नका. माझी फजिती तिथंच झाली. एस्टिमेटमध्ये शटर 12, जागेवर 8, म्हणून मी चारचौघांत आवाज चढवला. बिल हाती आलं तर त्यात 8 शटरचेच पैसे. ठेकेदार आठवडाभर मला बघून हसायचा.

पहिला अर्जही चुकलाच होता. ‘पाच वर्षांचा सगळा खर्च द्या’ असं लिहिलं. उत्तर आलं, 1,400 पानं, पानाला 2 रुपये, 2,800 रुपये भरा. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण 150 शब्द बसतात, हेही तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी एकाच शेडचं लिहिलं, आणि नकला मागण्याआधी कागद बघायला मागितले. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कागद आणि काम दोन्ही तपासता येतं, टिपणं घेता येतात. बघून झालं की हवी तेवढीच पानं मागायची. माझं काम 11 पानांत भागलं. अर्जाची फी 10 रुपये. पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावे काढायची ते आधी विचारून घ्या, नाहीतर तेवढ्यावरून अर्ज परत येतो. माहिती कशाला हवी हे सांगायचं बंधन नाही. विचारलंच तर हसून गप्प बसा.

आता भाषेचं. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. आमच्याकडं राजभाषा कन्नड, मराठी त्यात बसत नाही. सीमाप्रश्नाचं भांडण माझंही आहे, पण ते या खिडकीवर काढलं तर फरशीचं राहून जातं. हिंदी अर्ज कायद्यानं चालतो. टेबलामागचा माणूस कपाळाला आठ्या घालतो, एवढंच. माझी सूनबाई कन्नड शाळेत शिकलेली, ती लिहून देते. तरी ‘नाळे बर्री’ ऐकावं लागलंच. उद्या या म्हणाले की पोचपावती मागायची. शिक्का आणि तारीख असलेली पावती नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा. मी दुसऱ्या खेपेपासून टपालानंच पाठवतो, आता स्पीड पोस्टानं.

‘आमची कंपनी आहे, आम्हाला माहिती अधिकार लागत नाही,’ असंही एकानं ऐकवलं. सरकारच्या मालकीची, ताब्यातली किंवा मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर चालणारी संस्था असेल तर लागतो. बेळगावचंच घ्या. 2016 च्या जानेवारीत पहिल्या 20 स्मार्ट शहरांत त्याचं नाव आलं आणि कामासाठी कंपनी निघाली. त्या योजनेत कंपनीचे निम्मे शेअर राज्याचे आणि निम्मे महापालिकेचे असतात. पाटीवर ‘लिमिटेड’ लिहिलं म्हणून पैसा खासगी होत नाही.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. ते त्याच खात्यातला वरचा अधिकारी ऐकतो. मुदत उलटल्यावर माहिती मिळाली तर तिचे पैसे पडत नाहीत. मला अपिलानंतरच एम. बी. बघायला मिळाली. त्यात फरशी 30 मीटर लांब, 12 रुंद, 15 सेंटिमीटर जाड. म्हणजे 54 घनमीटर काँक्रीट.

मग बाजार नसलेला दिवस बघून दोघांना घेऊन गेलो. स्टीलचा टेप लागतो, कापडी टेप ताणतो. लांबी तीन ठिकाणी मोजली: 26 मीटर. रुंदी बरोबर होती. जाडी नुसत्या कडेवर बघू नका, कड पातळ असून मध्ये भरपूर माल असू शकतो. पाण्याच्या पायपासाठी मधोमध भोकं पाडली होती, तिथं पट्टी घातली. दोन्हीकडं 10 सेंटिमीटर. हिशेब 31.2 घनमीटरवर आला. फरक 22.8, म्हणजे मिक्सरच्या जवळजवळ चार गाड्या आल्याच नाहीत. टेप दिसेल असे फोटो काढले, माप आणि तारीख वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. फरशीला छिन्नी लावू नका, नाहीतर सरकारी मालमत्तेचं नुकसान तुमच्याच गळ्यात येईल.

पैसा ग्रामपंचायतीचा असेल तर एवढं फिरायला नको. दरवर्षी 16 ऑगस्ट ते 15 सप्टेंबरमध्ये जमाबंदी असते, वर्षाचे हिशेब आणि कामं लोकांपुढं तपासायची. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, तारीख विचारून ठेवा. आमच्याकडं त्या दिवशी चहाला गर्दी असते, वह्यांजवळ कुणी नसतं.

लोकायुक्तांकडं जायची घाई करू नका, असं माझं मत. तिथं फॉर्म 1 मध्ये तक्रार आणि फॉर्म 2 मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शपथेवर लिहायचं तर कागद आणि माप दोन्ही हातात हवं.

दोन्ही मापं शेजारीशेजारी लिहून मी एक पान संस्थेत दिलं. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द घातला नाही. आठवड्यानं पहाटे मिक्सर आला आणि राहिलेले चार मीटर ओतून गेला. जाडीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. कायद्यात मालाचा प्रमाणित नमुना मागता येतो, तसा फरशीचा तुकडा मागितला. अर्ज फेटाळला, पहिलं अपीलही फेटाळलं. माहिती आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाला 90 दिवस असतात, त्यातले 41 गेले. सूनबाई भात लावणीतून मोकळी झाली की लिहायला बसणार आहे.